परवडणाऱ्या घरांचा आराखडा रहिवाशांसोबत व्हावा यासाठी वास्तुकला विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. गृहनिर्माणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. उपाध्यक्ष, म्हाडा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: वास्तुकला परिषद, सर्व महापालिका आयुक्त व नगरपरिषदांचे मुख्याधिकारी

विषय: शासकीय व शासन-अनुदानित घरकुल योजनांमध्ये रहिवाशांचा सहभाग, हवामानाला धरून बांधकाम आणि वाढू शकणारे घर या तत्त्वांचा समावेश करण्याबाबत.

महोदय,

आम्ही महाराष्ट्रातल्या वास्तुकला महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थी आहोत. अल्प उत्पन्न गटाच्या घरांचा प्रकल्प अभ्यासक्रमात आला की आम्ही वस्त्यांमध्ये जातो, टेप लावून घरे मोजतो, घरातल्या माणसांशी बोलतो. त्यानंतर शासनाच्या योजनांतून उभ्या राहिलेल्या इमारती पाहायला जातो, तेव्हा दोन्हींचा मेळ बसत नाही. वस्तीत जे शिकलो त्यातले फार थोडे त्या इमारतींत उतरलेले दिसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घर स्वस्त असावे, हवामानाला साजेसे असावे आणि त्यात शेजार टिकावा, या तीन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांच्या नाहीत. ज्यांनी तिथे राहायचे आहे ती माणसे आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून सोबत असतील तर तिन्ही साधतात. रहिवाशांची गाठ थेट चावीवाटपाच्या दिवशी पडत असेल तर तिन्ही बिघडतात, आणि बिघडलेले दुरुस्त करण्याचा खर्च त्याच गरीब कुटुंबांवर पडतो.

मुंबईतल्या पुनर्वसन घराचे क्षेत्रफळ 225 चौरस फुटांवरून 269 आणि पुढे 300 चौरस फुटांवर आले. ही वाढ भांडून मिळाली आहे आणि तिचे मोल आम्ही जाणतो. पण 300 चौरस फुटांचे घर कागदावर काढताना काय सुटते ते पाहा. पाणी दिवसातून ठरावीक वेळी येते, म्हणून घरात पिंप लागते. पिंपाला आराखड्यात जागा नसते. ते मग मोरीच्या दारात उभे राहते आणि मोरीचे दार अर्धेच उघडते. कपाट ठेवायला सलग भिंत एकच उरते, ती खिडकीची, त्यामुळे खिडकीचे एक तावदान कायमचे बंद होते. वाळत घालायचे कपडे उरलेल्या तावदानावर येतात. उजेडासाठी दिवसा दिवा लावावा लागतो. कोणत्याही विद्यार्थ्याला एका सकाळच्या निरीक्षणात हे दिसते. रहिवाशांपैकी एका बाईला नकाशा दाखवला असता तर बांधकामापूर्वीच तिने हे सांगितले असते.

अंधाराचा प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे. तिथल्या घरांच्या 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी उजेड, कमी वारा आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला. खालच्या मजल्यांवरच्या कुटुंबांना धोका जास्त होता. नियमांतल्या सवलतींनी दोन इमारती जवळ आणता येतात. त्या सवलतींची किंमत पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे लोक फुफ्फुसांनी चुकवत आहेत. मुंबईच्या जमिनीचा भाव पाहता उंच इमारती टळणार नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. उंच इमारतीतही ऊन आणि वारा आणता येतो, फक्त तो मंजुरीची अट म्हणून मागितला गेला पाहिजे.

म्हणून आमची पहिली मागणी उजेड-वाऱ्याची आहे. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने 2018 मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. उष्ण-दमट हवामानात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान 16.66 टक्के असावे, असे ती सांगते. म्हणजे 300 चौरस फुटांच्या घराला सुमारे 50 चौरस फूट. हे प्रमाण, आणि भिंतींतून आत येणाऱ्या उष्णतेची त्याच संहितेतली मर्यादा, राज्यातल्या प्रत्येक पुनर्वसन इमारतीला व प्रत्येक शासन-अनुदानित घरकुलाला बंधनकारक करावी. भूखंड लहान आहे म्हणून सूट देऊ नये. तळमजल्याच्या घरात वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी किती वेळ थेट ऊन किंवा पुरेसा उजेड पोहोचेल, याचा आलेख मंजुरीच्या नकाशांसोबत जोडणे सक्तीचे करावे. हा आलेख संगणकावर करायला आम्ही महाविद्यालयातच शिकतो. व्यावसायिक वास्तुविशारदाला तो जड जाऊ नये.

दुसरी मागणी कामाच्या जागेची. सोलापूरजवळ कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांच्या सहकारी संस्थेची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली. पुढे रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प आला आणि त्यातल्या 15 हजार घरांच्या चाव्या जानेवारी 2024 मध्ये दिल्या गेल्या. संघटित कामगारांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा करून मिळवलेली ही घरे आहेत. घर मिळवण्यात कामगारांची सहकारी संस्था काय करू शकते, याचे आपल्या राज्यात याहून मोठे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

आता विडी वळणाऱ्या बाईचा दिवस पाहा. तेंदूचे पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले असते. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून ती कात्रीने पान कापते. मांडीवरच्या सुपात तंबाखू असतो. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायचा, पान वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा, हे दिवसभर. तिला बसायला भिंतीचा टेका, डोळ्यांना न टोचणारा उजेड, पान वाळू न देणारी सावली आणि तंबाखूची धूळ बाहेर नेणारा वारा लागतो. त्याच खोलीत तिचे लहान मूल झोपलेले असते. सोलापूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना उघड्या गच्चीखालच्या खोलीत हे काम म्हणजे काय ते सांगायला नको. तिला हवा असतो तो दाराबाहेर सावलीचा ओटा, दोन-तीन जणी एकत्र बसू शकतील एवढा. सिमेंट, लोखंडाच्या हिशेबात या ओट्याचा खर्च किरकोळ आहे. विडीवालीला ओटा लागतो, शिलाईवालीला यंत्राजवळ उत्तरेचा उजेड, खानावळीचे डबे करणारीला मोठी मोरी, हातगाडीवाल्याला गाडी लावायला खाली जागा. त्यामुळे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबात घरात बसून कोणते काम चालते याची नोंद घ्यावी, आणि त्या नोंदीचे आराखड्यात काय झाले हे अहवालात लिहावे.

तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती विस्ताराने मांडतो.

आराखडा करण्याआधी वस्तीशी बोलण्यासाठी वेळ आणि पैसा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच स्वतंत्र शीर्षाखाली असला पाहिजे. आज सहभाग म्हणजे संमतीपत्रावरची सही किंवा अंगठा. आमची मागणी अशी की प्रकल्प खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम या कामासाठी राखून ठेवावी, आणि वस्तीच्या सभेत मान्य झालेला नकाशा जोडल्याशिवाय निविदा काढू नये.

हे होऊ शकते याचा पुरावा पुण्यात आहे. येरवड्याच्या वस्त्यांमध्ये शहरी गरिबांसाठीच्या मूलभूत सेवा योजनेतून वास्तुविशारद प्रसन्न देसाई, ‘स्पार्क’ व महिला मिलन या संस्थांनी जागच्या जागी पुनर्बांधणीचे काम केले. पक्की घरे होती तशी ठेवली, कच्ची घरे त्याच जागेवर नव्याने बांधली. गल्ल्या शाबूत राहिल्या. घराचा आकार लोकांना कळावा म्हणून कापडाची पूर्ण मापाची प्रतिकृती उभी केली; बायका तिच्यात फिरल्या, स्वयंपाकाचा ओटा कुठे हवा ते बोट दाखवून सांगितले. कुटुंबांनी खर्चातला दहावा हिस्सा स्वतः उचलला. हे काम सोपे नव्हते. एकेक जागा एवढी लहान की शेजारच्या दोन-तीन कुटुंबांना राजी करून भिंती एकत्र कराव्या लागल्या, आणि त्यात वेळ गेला. पण ज्यांचे घर नवे झाले त्यांचा शेजारी तोच राहिला, मुलांची शाळा तीच राहिली, कामाला जायचा रस्ता तोच राहिला. इमारतीच्या दरात न दिसणारी ही बचत आहे आणि ती दर महिन्याला होते.

लोकांना न विचारता घाईने केलेल्या पुनर्वसनाचे काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरांची मापे जमीनधारणेनुसार 250, 400 आणि 750 चौरस फूट ठरली. सरळ, रुंद रस्त्यांची ही गावे नकाशावर नीटनेटकी दिसतात. जुन्या गावातली भावकीची आळी, वाड्यासमोरची बैठक, गुरांची जागा त्यांत आली नाही. पुढे लोकांनी गोठे, पडव्या, खोल्या स्वतःच जोडल्या, आणि त्यांतल्या कित्येक भूकंपाचा विचार न करता बांधल्या गेल्या. भूकंपानंतरच्या त्याच पुनर्वसन कार्यक्रमात दुसऱ्या बाजूला दीड लाखांहून अधिक घरे मालकांनी स्वतः दुरुस्त केली, बळकट केली. गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून नेमल्या गेल्या. अनुदान आणि तंत्र त्यांनी घरोघर समजावले. म्हणजे पद्धत आपल्याच राज्यात, आपल्याच लोकांनी घडवलेली आहे. ती नेहमीच्या घरकुल योजनेत आणायला भूकंपाची वाट पाहू नये.

याला जोडूनच चौथी मागणी: घर वाढण्याची सोय मूळ आराखड्यात असावी. इंदूरजवळच्या अरण्य वसाहतीत वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी सुमारे साडेसहा हजार भूखंडांची आखणी केली. सर्वांत गरीब कुटुंबांना जोते आणि शौचालय-मोरीचा गाभा मिळाला, वरचे घर त्यांनी ऐपतीप्रमाणे बांधले. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरे आठ मीटरच्या चौकाभोवती मांडली आणि प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर स्वतंत्र ठेवले, म्हणजे शेजाऱ्याची भिंत न दुखावता ते वाढवता येते. त्यातली अनेक घरे आज ओळखू येणार नाहीत इतकी बदलली आहेत. आमच्या मते ते आराखड्याचे यश आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला शहरी भागात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत आले आहेत. एवढ्यात 30 चौरस मीटर बांधून होते न होते, आणि पाच वर्षांत मुलाचे लग्न होऊन वर खोली लागते. तेव्हा पाया आणि खांब पहिल्यापासून एका वाढीव मजल्याच्या मापाचे असावेत, जिन्याची जागा आखलेली असावी, आणि त्या मजल्याची परवानगी मूळ परवानगीतच असावी. संपूर्ण काँक्रीटच्या ओतीव भिंतींचे तंत्र वेगवान आहे, पण त्या भिंतीत पुढे खिडकी काढता येत नाही आणि ती लवकर तापते. बैठ्या किंवा दुमजली योजनांत ते वापरू नये.

पाचवी मागणी साहित्याची. रॅट-ट्रॅप बाँडमध्ये विटा कडेवर उभ्या लावतात आणि भिंतीच्या पोटात पोकळी ठेवतात. विटा सुमारे चौथाईने कमी लागतात, आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. लॉरी बेकर यांनी केरळात हे तंत्र आणि छताच्या स्लॅबमध्ये मंगलोरी कौले भरण्याची पद्धत दीर्घकाळ वापरली. आपल्याकडे चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ, एकलहरे इथल्या औष्णिक केंद्रांची राख विटांसाठी आहे, मराठवाड्यात दगड आहे, कोकणात जांभा आहे. शासनाच्या दरसूचीत या पद्धतींच्या स्पष्ट बाबी आणि वास्तव दर असावेत, म्हणजे त्या सुचवणाऱ्या अभियंत्याला अंदाजपत्रक मंजूर करून घेताना अडचण येणार नाही. गवंड्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च योजनेतूनच व्हावा. कारागीर नसेल तर दरसूची कागदावरच राहील.

सहावी मागणी आमच्या शिक्षणाशी निगडित आहे. पदवीसाठी किमान एका सत्राचे व्यावहारिक प्रशिक्षण लागते. प्रत्येक महापालिकेत व नगरपरिषदेत अनुभवी वास्तुविशारदाच्या हाताखाली वस्ती सल्ला कक्ष उघडावा. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला तिथे नकाशा, अंदाजपत्रक आणि जोत्यापासून स्लॅबपर्यंत देखरेख मोफत मिळावी. आमच्यापैकी ज्यांना तिथे प्रशिक्षण घ्यायचे आहे त्यांना विद्यावेतन मिळावे आणि वास्तुकला परिषदेने ते सत्र पूर्ण श्रेयांकांसह ग्राह्य धरावे. अनुदानाचे हप्ते देताना जोते, लिंटेल, छत यांचे फोटो काढले जातात. त्याच वेळी लिंटेलच्या पट्ट्यात सळ्या नीट पडल्या का, हे पाहणारा जाणकारही तिथे असावा.

शेवटची मागणी: प्रत्येक वसाहतीत लोक राहायला गेल्यानंतर दोन वर्षांनी तिची पाहणी व्हावी, निष्कर्ष मराठीत जाहीर व्हावेत आणि पुढच्या निविदेत त्यांची दखल घेतल्याचे लिहून द्यावे. या पाहणीचे काम आमची महाविद्यालये करू शकतात.

आपण या मागण्यांवर 60 दिवसांत लेखी उत्तर द्यावे आणि चर्चेसाठी वेळ द्यावा, ही विनंती. त्या बैठकीला केवळ आम्हाला बोलावू नये. पुनर्वसन इमारतींत, घरकुलांत आणि अजून वस्तीत राहणाऱ्या महिलांचे प्रतिनिधित्व तिथे निम्म्याहून कमी नसावे, आणि बैठक मंत्रालयात न होता एखाद्या पुनर्वसन वसाहतीच्या तळमजल्यावर व्हावी.

आपले नम्र,
महाराष्ट्रातील वास्तुकला विद्यार्थ्यांच्या वतीने