डावं चार, आवळतंय

मंडळी, दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली 'क्लिअरन्स'ची टोपली पाहिल्यावर ज्याचा हात आपोआप आत जात नाही, तो मराठी मध्यमवर्गीय नव्हे. एम. एस. करताना लागलेली ही सवय नोकरीला वीस वर्षं झाली तरी सुटत नाही. मागच्या हिवाळ्यात अशाच एका टोपलीतून मी प्लेस्टेशनची एक वापरलेली तबकडी उचलली. लाल चिठ्ठीवर पिवळी, पिवळीवर हिरवी अशा चिठ्ठ्या चिकटवत किंमत सहा डॉलरवर आली होती. गल्ल्यावरच्या मुलाने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "ही परत घेत नाही हं आम्ही." यावरून खेळाच्या लोकप्रियतेची कल्पना यावी.

खेळाचं नाव 'सेबॅस्टियन लोब रॅली ईव्हो'. मिलानच्या 'माइलस्टोन' कंपनीने तो २०१६ च्या सुरुवातीला काढला. दुर्दैव असं, की जेमतेम दोन महिने आधी, डिसेंबर २०१५ मध्ये, 'डर्ट रॅली' कॉम्प्युटरवर आला होता आणि रॅलीवाल्या सगळ्यांना त्याने वेड लावलं होतं. त्याच्यापुढे आमचा लोब म्हणजे सुंदर बहिणीच्या पाठोपाठ दाखवायला आणलेली धाकटी. झाडं पुठ्ठ्याची वाटतात, प्रेक्षक खांबासारखे उभे असतात, इंजिनाचा आवाज कधीकधी मिक्सरमध्ये खोबरं वाटल्यासारखा येतो. हे दोष खरेच आहेत, मी त्याची वकिली करणार नाही. पण रॅलीत गाड्या एकेक करून सुटतात आणि शर्यत घड्याळाशी असते. त्यामुळे बाकी कुणी हा खेळ खेळत नसलं तरी आपलं काही अडत नाही. आणि रस्ते! माँटे कार्लोचा डोंगर, स्वीडनचं बर्फ, वेल्सचा चिखल. खडीवर गाडी वळवायची तर आधी तिचं वजन वळवावं लागतं. ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकांवर येतो, मागची बाजू हलकी होऊन बाहेर सरकते, आणि त्या सरकण्याच्या जिवावर नाक आत घ्यायचं. हे गणित या खेळात बरंच जमलंय. इंजिनिअरला अजून काय हवं?

ज्याच्या नावाने खेळ आहे तो लोब फ्रान्समधल्या अल्सासचा, आधी जिम्नॅस्टिक्स करणारा. २००४ ते २०१२ अशी सलग नऊ वर्षं तो रॅलीचा जगज्जेता होता. २०१३ मध्ये तो आपल्या कोलोरॅडोत आला आणि पाइक्स पीकची शर्यत ८ मिनिटं १३.८७८ सेकंदांत संपवून गेला. आधीचा विक्रम ९ मिनिटं ४६ सेकंदांचा होता. म्हणजे त्याने सेकंद नव्हे, दीड मिनिट काढून घेतलं. त्याच्या पूजो गाडीचं वजन ८७५ किलो आणि ताकद ८७५ अश्वशक्ती, किलोमागे एक घोडा. हा रस्ता खेळातही आहे. शर्यतीची वळणं १५६, लांबी सुमारे २० किलोमीटर आणि शेवट १४,११५ फुटांवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के, त्यामुळे आपल्यासारखंच इंजिनही धापा टाकतं. विजेला श्वास लागत नाही, म्हणून २०१८ मध्ये रोमँ द्यूमाने फोक्सवागनच्या इलेक्ट्रिक गाडीतून ७ मिनिटं ५७.१४८ सेकंदांत तो विक्रमही मोडला. आपल्यापैकी बहुतेकांनी देशातून आलेल्या आईबाबांना हा डोंगर दाखवलेला असेलच. उतरताना ग्लेन कोव्हला रेंजर गाडी थांबवून ब्रेक किती तापलेत ते बघतात. मागे आमच्या मातोश्री त्या रेंजरला पाहून म्हणाल्या होत्या, "खंडाळ्याच्या घाटात असा एक माणूस ठेवायला हवा होता."

पण माझा जीव जडलाय तो गाडीत शेजारी बसणाऱ्यावर. रॅलीत चालकाला पुढचं वळण दिसायच्या आत कळावं लागतं. म्हणून शर्यतीआधी जोडी तोच रस्ता सावकाश फिरते. चालक सांगतो, सहचालक लिहितो, आणि शर्यतीत तेच वाचून दाखवतो. बहुतेक जण वळणांना आकडे देतात: एक म्हणजे अगदी तीव्र, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. १९५५ च्या 'मिल्ले मिलिया'त स्टर्लिंग मॉसच्या शेजारी डेनिस जेन्किन्सन हा पत्रकार होता. त्याने हजार मैलांच्या टिपणांची गुंडाळी एका डबीत बसवली होती. उघड्या गाडीत आवाज पोचेना, म्हणून तो हाताने खुणा करत होता. १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ती शर्यत त्यांनी जिंकली. आणि २०२२ मध्ये ४७ वर्षांच्या लोबने माँटे कार्लो पुन्हा जिंकली, तेव्हा त्याच्या शेजारी इझाबेल गालमिश होती, गणिताची शिक्षिका. चाळिशी उलटलेल्यांनी ही बातमी फ्रिजवर लावायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. आमची कन्या पंधरा वर्षांची झाली आणि तिला शिकाऊ परवाना मिळाला. आपल्या राज्यात पुढचा परवाना हवा तर ५० तासांचा सराव, त्यातले १० रात्रीचे, वहीत नोंदवून दाखवावे लागतात. शेजारी बसून "ब्रेक! ब्रेक!" ओरडणारे आईबाप तुम्ही पाहिले असतील. ती सूचना नेहमी वळण सुरू झाल्यावर येते आणि तिचा उपयोग फक्त ओरडणाऱ्यालाच होतो. म्हणून आम्ही खेळातल्या सहचालकाचा आवाज बंद केला आणि ते काम वाटून घेतलं. एका फेरीत ती चालवते आणि मी वाचतो, पुढच्या फेरीत उलट. आणि वाचायचं मराठीत, ही अट तिने घातली, मी नव्हे! तिची टिपणं मित्रांना कळू नयेत, एवढाच तिचा हेतू.

रविवारच्या मराठी शाळेत आठ वर्षं जाऊन जे झालं नाही ते इथे झालं. डावं-उजवं चुकलं की गाडी दरीत, त्यामुळे ते दोन शब्द आता घट्ट बसलेत. 'वळण' नपुंसकलिंगी आहे हेही व्याकरण न उघडता समजलं, कारण "डावी तीन" म्हटलं की मी मुद्दाम गाडी थांबवतो. 'क्रेस्ट'ला 'माथा', 'डोन्ट कट'ला 'कापू नको', 'हेअरपिन'ला आजीने फोनवरून 'यू वळण' सुचवलं आणि ते नातीने "हे मराठी नाही" म्हणून फेटाळलं. हल्ली 'आकडा' चालतो. खऱ्या रस्त्यावरही ती मागते, "बाबा, पुढचं सांग." मी म्हणतो, "उजवं पाच, शंभर, सिग्नल," आणि ती शांतपणे पाय उचलते. सौ. मागच्या सीटवर आता डोळे उघडे ठेवून बसते. सदतीस तास झालेत, रात्रीचे सहा.

एकच शब्द अडलाय. पुढे जाऊन अधिक तीव्र होणाऱ्या वळणाला, 'टाइटन्स'ला, आम्ही सध्या 'आवळतंय' म्हणतो. याहून सुटसुटीत शब्द कुणाला सुचला तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर कळवा. दोन अक्षरी असेल तर उत्तम, तेवढाच वेळ मिळतो.