डिझेलचा कॅन चालतो, टाकी चालत नाही. हा कुठला न्याय?

थोडं मोठं लिहितोय, पण वेळ काढून वाचा. गाडीत मागच्या सीटखाली डिझेलचा कॅन ठेवत असाल तर नक्कीच वाचा.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. बावीस वर्षं पत्रा कापतोय आणि वेल्डिंग करतोय. स्वतःची एक जुनी फोर बाय फोर जीप आहे, तिच्यावर बायकोपेक्षा जास्त खर्च केलाय असं घरात ऐकून घेतो. त्यामुळं आज जे लिहितोय ते दोन्ही बाजूंनी भोगलेलं आहे.

गेल्या महिन्यात एक पोरगा नवी कोरी डिझेल फोर बाय फोर घेऊन आला. "दादा, मागं साठ लिटरची टाकी बसवायची. लडाखला चाललोय."

मी म्हटलं, "तुझ्या गाडीची टाकी केवढी?"

"सत्तावन्न लिटर."

"ॲव्हरेज?"

"डोंगरात धरा दहा."

म्हणजे फुल टाकीत ५७० किलोमीटर. मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये टांडीचा पंप लागतो. तिथली ती पाटी फोटोत सगळ्यांनी बघितली असेल, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टांडीला टाकी फुल केली तर हा गडी लेहला पोचून वर दोनशे किलोमीटर फिरू शकतो. मग साठ लिटर जादा कशाला? पोरगा हसला आणि म्हणाला, "दादा, सगळे बसवतात. भारी दिसतं."

मी काम घेतलं नाही. त्यानं दुसरीकडं एका दिवसात करून घेतलं. जीआय पत्र्याची चौकोनी पेटी, मागच्या सीटच्या पाठीला टेकून, आत एकही आडवी पट्टी नाही, ब्रीदर नाही, भरायचं तोंड गाडीच्या आत. आंबा घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणावर कोपऱ्याचा जोड उकलला. मागं बसलेल्या दोन मित्रांचे कपडे आणि बॅगा डिझेलनं भिजल्या. नशीब, कुणी सिगारेट पेटवली नव्हती. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही हे खरं, पण कापडात मुरलं की दिव्यातल्या वातीसारखं काम करतं. त्या गाडीत दोन माणसं वात होऊन बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, मग बरोबर आहे की, म्हणूनच सरकार बंदी घालतं. थांबा. दुसरी गोष्ट ऐका.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे बंद. शहरातल्या पंपांवर पेट्रोल-डिझेल संपत आलं, आणि जे शिल्लक होतं ते अत्यावश्यक गाड्यांसाठी राखून ठेवलं. आम्ही काही जीपवाले जेवणाची पाकिटं पोचवायचं आणि पाण्याच्या कडेवरून माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत आणायचं काम करत होतो. चिखलात, पाण्यात, लो रेंजमध्ये दिवसभर गाडी चालली की ॲव्हरेज निम्म्यावर येतं. इंजिन बंदही करता येत नव्हतं. मग सगळ्यांनी तेच केलं जे आपण सगळेच करतो. मिळेल तिथून डिझेल घेतलं आणि वीस लिटरच्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून गाडीत मागं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी रात्री आंबेवाडीकडच्या बाजूनं एक कुटुंब आणलं. एक म्हातारे आजोबा, त्यांची सून आणि तिच्या मांडीवर पाच-सहा महिन्यांचं बाळ. गाडीत जागा नव्हती म्हणून सून कॅनला टेकून बसली. झाकण नीट बसलेलं नव्हतं. गाडी हबकली की थोडं थोडं डिझेल तिच्या पदरावर. अंधारात कुणाच्या लक्षात आलं नाही, वास तर सगळीकडंच येत होता. आणि थंडीनं कुडकुडणाऱ्या आजोबांनी खिशातून बिडी काढली. काडी ओढणार तेवढ्यात माझ्या जोडीदारानं हात धरला. त्या बाळाचं तोंड मी अजून विसरलेलो नाही. माणसं वाचवायला गेलो होतो आणि आमच्याच हातानं जाळली असती.

२०२१ च्या पुरात पुन्हा हायवे बंद, पुन्हा तीच पळापळ, पुन्हा तेच कॅन. दोन पुरांतून आपण काय शिकलो? काही नाही.

आता मुद्द्यावर येतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही आली, एका बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चला, मान्य. रस्त्यावर कुणीही उठून काहीही वेल्डिंग करून फिरू नये, हे बावीस वर्षं वेल्डिंग करणारा माणूसच तुम्हाला सांगतोय.

पण आता दुसरा कायदा बघा. १९३४ चा पेट्रोलियम कायदा, कलम ९. गाडीच्या टाकीत जे आहे ते सोडून, स्वतःच्या गाडीसाठी आणखी १०० लिटरपर्यंत इंधन विनापरवाना नेता येतं. म्हणजे शंभर लिटर डिझेल डब्यांत भरून, गाडीत सुटं ठेवून नेलं तर त्याला परवाना लागत नाही. आणि तेच डिझेल जाड पत्र्याच्या, चॅसीला बोल्टनं आवळलेल्या, माणसं बसतात त्या जागेच्या बाहेर लावलेल्या टाकीत नेलं तर मी गुन्हेगार. सुटा डबा चालतो, पक्की टाकी चालत नाही. कुणीतरी मला यातलं शहाणपण समजावून सांगा राव.

तिसरं उदाहरण तर रोज डोळ्यांसमोर आहे. सीएनजी. टायरमध्ये आपण साधारण सव्वादोन बार हवा भरतो. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये २०० बार असतात. तो सिलिंडर बाहेरून आणून डिकीत बसवायला सरकार परवानगी देतं. कशी देतं? मंजूर किट, मंजूर फिटर, आरटीओत आरसीवर नोंद, विम्यावर नोंद, आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट. किती साधी आणि सरळ व्यवस्था आहे! धोकादायक वस्तू होती म्हणून बंदी घालून मोकळे झाले नाहीत, तिला नियमात आणलं. मग जी डिझेलची टाकी कुठल्याही दाबाखाली नसते, तिला हाच रस्ता का नाही? मी फिटरांना विचारलं, एजंटांना विचारलं, आरटीओच्या खिडकीवर विचारलं. मंजूर जादा टाकी कुणी दाखवू शकलं नाही. उत्तर एकच, "चालत नाही." आणि लगेच आवाज बारीक करून दुसरं, "पण लावतात की लोक."

हेच माझं भांडण आहे. "चालत नाही पण लावतात" या एका वाक्यावर हा देश चाललाय. ज्याला गरज आहे आणि कायदा पाळायचा आहे तो कॅन घेऊन फिरतो. ज्याला गरज नाही आणि रील काढायचं आहे तो जीआय पत्र्याची पेटी लावून फिरतो. मधल्यामधी नीट काम करणारा कारागीर घरी बसतो, कारण तो "नाही" म्हणतो.

आणि नीट काम म्हणजे काय, तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं पेटी वेल्ड केली की झाली टाकी. टाकी माणसं बसतात त्या भागाच्या बाहेर हवी, शक्यतो चॅसीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, सायलेन्सरपासून लांब आणि मध्ये उष्णता अडवणारा पत्रा. खाली दगडाचा मार खायला वेगळी जाड प्लेट. आत आडव्या पट्ट्या, ज्याला आम्ही बॅफल म्हणतो, नाहीतर वळणावर चाळीस किलो डिझेल एका बाजूला आपटतं आणि तेच जोड फोडतं. पत्रा जीआय नको, कारण जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि शेवटी इंजेक्टर खातं. ब्रीदर हवा, आणि गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह हवा. जादा टाकीतून मुख्य टाकीत डिझेल ढकलायला छोटा पंप, त्याच्या वायरला फ्यूज, आणि मुख्य टाकी निम्मी झाल्यावरच पंप चालू करायचा, नाहीतर वरून सांडणार. शेवटी हलका दाब देऊन साबणाच्या पाण्यानं प्रत्येक जोड तपासायचा. हे सगळं करायला तीन-चार दिवस लागतात. एका दिवसात जो करून देतो तो तुम्हाला काय देतोय याचा विचार करा.

पेट्रोलच्या गाडीला तर घरगुती टाकीचा विचारसुद्धा करू नका. पेट्रोलची वाफ उणे तापमानातही पेट घेऊ शकते. आणि माझ्या धंद्यातल्या भावांनो, जुनी वापरलेली टाकी किंवा बॅरल वेल्डिंगला घेऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत वाफ कोंडलेली असते. गिऱ्हाईक म्हणतो "धुतलीय", पण जीव तुमचा जातो.

काहींचा आक्षेप मला आधीच माहीत आहे. "परवानगी दिली की लोक डिझेल भरभरून आणतील." अहो, आत्ता आणत नाहीत का? मर्यादा घाला ना. पंचेचाळीस लिटरच्या वर नाही, एका गाडीला एकच टाकी. दुसरा आक्षेप, "कंपनीनं दिलेली टाकी पुरेशी असते." शहरात आणि हायवेवर असते, मीच त्या पोराला हिशोब करून दाखवला. पण जिथं अंतरं मोठी आहेत तिथं कंपन्या स्वतःच दुसरी टाकी देतात. ऑस्ट्रेलियात टोयोटाची लँड क्रूझर ३०० मिळते ती ८० अधिक ३० लिटर अशा दोन टाक्यांची. तिथं कॅनिंग स्टॉक रूट नावाचा वाळवंटी रस्ता साधारण १८५० किलोमीटरचा आहे. तिथल्या लोकांनी गरज ओळखली, जादा टाकीला नियमात बसवलं, आणि आज तो तिथला रीतसर धंदा आहे. आपल्याकडं वाळवंट नसेल, पण दर दोन-चार वर्षांनी पूर आहे, दरडी आहेत, तुटणारे घाट आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांचा संप झाला तेव्हा दोन दिवसांत पंपांवर काय रांगा लागल्या ते विसरलात? त्या दिवशी कॅन घेऊन उभी असलेली माणसं कुठल्या वाळवंटातली नव्हती, आपलीच होती.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. सीएनजी किटसारखाच जादा डिझेल टाकीचा नियम करा. टाकीचा नमुना तपासून मंजूर करा, गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय आपल्या पुण्यातच आहे, दिल्लीलाही जायला नको. मंजूर फिटरनंच बसवायची, आरसीवर आणि विम्यावर नोंद, ठरावीक वर्षांनी लीक टेस्ट. पहिला मान बचावकार्य करणाऱ्या नोंदणीकृत पथकांच्या गाड्यांना द्या, हौशी लोकांचं नंतर बघू. आणि एवढं केल्यावर जो सीटमागं पेटी लावून फिरेल त्याच्यावर खुशाल कडक कारवाई करा, मी टाळ्या वाजवीन.

तोपर्यंत आपण काय करायचं? गाडीत टाकी लावून घेतली असेल तर उतरवा. दंडाचं सोडा, अपघात झाला तर न कळवता केलेला बदल हे क्लेम नाकारायला पुरेसं कारण असतं. कॅन न्यावाच लागला तर प्लॅस्टिकचा नको, घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. भरताना तो गाडीतून काढून जमिनीवर ठेवा, आणि माणसं बसतात तिथं तर बिलकूल ठेवू नका. आणि लडाखला निघालेल्या पोरांनो, आधी कॅल्क्युलेटर काढा. टाकी गुणिले ॲव्हरेज. बहुतेकांना उत्तर तिथंच मिळेल.

आपल्या भागातले आमदार-खासदार, पूर आला की बोटीत बसून फोटो काढतात. त्यांना हा प्रश्न पुढचा पावसाळा यायच्या आधी विचारा. मी विचारणार आहे, पत्र लिहून तयार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी वर्कशॉपवर या, चहा माझ्याकडून.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, उत्तर देईन. फक्त "काय होतंय ओ एका कॅननं" एवढं लिहू नका. त्या रात्री जीपमध्ये मी होतो.