भू-माहितीशास्त्राची पदवी आणि शेतकऱ्यांचीं मुलें

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या धाकट्या भावाची मुलगी भूगोल विषय घेऊन पदवीधर झाली, आणि पुढें पुण्यास जाऊन भू-माहितीशास्त्राची एम. एस्सी. करावी असा मानस तिनें घरांत बोलून दाखविला. भावाची जमीन साडेचार एकर, तीही कोरडवाहू. फीसाठीं कर्ज काढणें आलेंच. तो मला म्हणाला, "दादा, नकाशे काढायला एवढें कॉलेज कशाला? तुम्ही मराठी सातवीवर महसुलांत जन्म काढलात ना?" प्रश्न रास्त होता. त्यास जें उत्तर मीं दिलें, तें अन्य शेतकरी बंधूंच्याही उपयोगीं पडेल अशा समजुतीनें येथें मांडीत आहें.

आपल्या जमिनीचें माप ज्या पद्धतीनें बसलें, ती पद्धत १८३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं घालून दिली. ३३ फुटांची शंकूसाखळी, तिचे १६ आणे, एका चौरस साखळीचा एक गुंठा व ४० गुंठ्यांचा एकर, हा हिशेब आपल्या वाडवडिलांस तोंडपाठ होता. त्यामुळें कारकुनानें आकडा चुकविला तर तो त्याच जागीं त्यास अडवूं शके. आपलें खरें संरक्षण कायद्याइतकेंच या जाणतेपणांत होतें.

आतां माप आकाशांतून होऊं लागलें आहे. युरोपीय अवकाश संस्थेनें २०१५ सालापासून सोडलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत जमिनीचा लहानांत लहान ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरांचा! उपग्रह आपलें शेत गुंठ्यागुंठ्यानें पाहतो असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. मात्र ऐन खरिपांत ढग आड येतात, आणि तेव्हां ढगांतून पार जाणाऱ्या रडारच्या चित्रांचा आधार घ्यावा लागतो. कोणतें चित्र केव्हां विश्वासार्ह, हें ओळखणें हाच या विद्येचा गाभा होय. त्यास गणित, संगणक व मातीचें ज्ञान लागतें. सातवीच्या शिदोरीवर हें झेपणारें नव्हे.

कोणी म्हणेल, याच्याशीं आपणांस काय कर्तव्य? परंतु २०२० सालीं स्वामित्व योजनेखालीं ड्रोननें गांवठाणाची मोजणी सुरू झाली. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यभर ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो स्थाननिर्देशासह नोंदवूं लागला. शास्त्र दारांत आलें आहे. तें वाचणारा मात्र आपल्या घरांत नाहीं.

अर्धवट ज्ञान किती घातक, याचें एक उदाहरण मीं नोकरींत असतां पाहिलें. दोघां चुलतभावांचा बांध एक. एकाच्या मुलानें मोबाइल हातांत धरून बांधावरून फेरी मारली आणि शेजारी दोन मीटर आंत आला असें ठरविलें. साध्या मोबाइलच्या स्थाननिर्देशांत उघड्या आकाशाखालींही सुमारें ५ मीटरांची चूक येऊं शकते, हें त्यास ठाऊक नव्हतें. सरकारी मोजणींत बांध जागच्या जागींच निघाला. पण तोंवर दोन हंगाम वाद चालला, आणि एका घरच्या लग्नास दुसरें घर गेलें नाहीं. स्थिर केंद्राशीं जोडलेलें रोव्हर यंत्र कांहीं सेंटिमीटरांपर्यंत अचूक असतें. हा फरक ज्यास कळतो तोच शिकलेला.

म्हणून माझें मत असें कीं, आवड व गणिताची बैठक असेल तर हें शिक्षण अवश्य द्यावें. परंतु डोळे उघडे ठेवून. फी भरण्यापूर्वीं कॉलेजांत रोव्हर आहे काय, मुलांस प्रत्यक्ष शिवारांत नेतात काय, हें विचारावें. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनाशुल्क ऑनलाइन वर्ग असतात, व क्यूजीआयएस ही नकाशाप्रणाली फुकट मिळते; त्यांवर आधीं आवड पारखावी. दुसरें, मुलांनीं टिपण, फाळणी व फेरफार वाचावयास शिकावें. नकाशा जमीन कोठें आहे तें सांगतो. ती कोणाची, हें खरेदीखत व वारसनोंद यांवरून ठरतें. तिसरें, या विद्येचा उपयोग केवळ हद्दीपुरता नाहीं. ओढ्याचें पाणलोट क्षेत्र किती, चढउतार कोणीकडे, बंधारा कोठें घातल्यास कोणाच्या विहिरीस पाणी उतरेल, हें नकाशावर आधीं पाहतां आलें तर चुकीच्या जागीं ओतलेला पैसा वांचेल.

पहिल्या वर्षाची फी मी निवृत्तिवेतनांतून देण्याचें भावास सांगितलें आहे. अट एकच: दर सुटींत मुलीनें गांवीं येऊन एका ओढ्याचा व त्याच्या कांठच्या विहिरींचा नकाशा करावा आणि तो चावडीवर लावावा. आपल्या मंडळानेंही अशाच अटीवर दरसाल एका होतकरू मुलास किंवा मुलीस साहाय्य द्यावें, अशी माझी विनंती आहे. पूर्वीं साखळीचें एक टोंक आपल्या हातीं असे. तें सुटूं देऊं नये.