नुसतं बसून काय मिळतं?



परवा शाळा सुटल्यावर नववीतल्या एका मुलीची आई मला भेटायला आली. मुलगी आमच्या शाळेच्या बास्केटबॉल संघातली. उडी मारून खाली येताना तिचा गुडघा दुखावला आणि डॉक्टरांनी सहा महिने खेळ बंद सांगितला. आईची तक्रार मात्र वेगळीच. "बाई, खेळायचं नाही तरी ही रोज संध्याकाळी ग्राउंडवर जाते. नुसती बसते हो! त्या वेळात घरी दोन कामं होतील, नाहीतर अभ्यास तरी होईल. तुमचं ऐकेल ती."

आणि मी सांगितलंसुद्धा! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला गाठून म्हटलं, "अगं, खेळता येत नाही तर तिथे नुसतं बसून काय मिळतं?" ती काही बोलली नाही. मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत राहिली.

रात्री जेवताना हे सगळं ह्यांच्या कानावर घातलं. आमच्या ह्यांना खेळाच्या बातम्यांचं भारी वेड. हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "बेकी हॅमनला कोणी असं सांगितलं असतं तर?" आता ही हॅमन कोण, मला काय ठाऊक! पण मनाला चुटपुट लागली होती. चार दिवस तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं. म्हणून उन्हाळी वाळवणाचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलून आज तिचीच हकिगत सांगते.

बेकी हॅमनचा जन्म १९७७ सालचा, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यातल्या रॅपिड सिटी गावचा. उंची ५ फूट ६ इंच. आपल्याकडे एवढ्या उंचीची मुलगी उंचच म्हणायची, पण बास्केटबॉलच्या जगात ती बुटकी. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाकडून तिने खेळ गाजवला. पण १९९९ साली बायकांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे डब्ल्यू.एन.बी.ए.मध्ये, नव्या खेळाडूंची निवड झाली तेव्हा एकाही संघाने तिचं नाव घेतलं नाही. मागाहून न्यूयॉर्क लिबर्टीने तिला घेतलं, तेही तेरेसा वेदरस्पून या नामांकित खेळाडूच्या हाताखाली. म्हणजे सुरुवात बाकावर बसूनच!

तिथून वर येत येत ती ऑल-स्टार सामन्यांसाठी सहा वेळा निवडली गेली. २००७ मध्ये ती टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या सिल्व्हर स्टार्स संघात आली. पण २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या संघात तिला बोलावणं आलं नाही. तेव्हा ती रशियातही व्यावसायिक सामने खेळत असे. रशियाने नागरिकत्व देऊ केलं, ते घेऊन ती रशियाकडून खेळली आणि कांस्यपदक मिळवलं. मायदेशात केवढा गहजब झाला! अमेरिकेच्या संघाच्या प्रशिक्षिका अॅन डोनोव्हन यांनी तर तिच्या देशप्रेमावरच बोट ठेवलं. स्वतःच्या घरच्यांनी पानावर बसवायचं नाही आणि शेजारी जेवली तर नावं ठेवायची, असाच हा प्रकार मला तरी वाटला. तुम्हाला कदाचित वेगळं वाटेल.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. जुलै २०१३ मध्ये एका सामन्यात तिच्या डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. वय ३६. बहुतेकींनी इथेच पिशवी भरून घरची वाट धरली असती. पण त्याच गावात पुरुषांचा स्पर्स नावाचा बलाढ्य संघ होता. त्यांचे प्रशिक्षक ग्रेग पॉपोविच यांच्याशी तिची बरी ओळख होती. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकहून परतताना दोघं विमानात शेजारीशेजारी बसली होती आणि वाटेत भरपूर गप्पा झाल्या होत्या. तिने त्यांना विचारलं, गुडघा बरा होईपर्यंत मी तुमच्याकडे येऊन बसू का? त्यांनी हो म्हटलं.

आणि ती बसली! सराव बघायला बसली, प्रशिक्षकांच्या बैठकीला बसली, झालेल्या सामन्यांच्या फिल्म बघायला बसली. स्वतः धावत असताना आपल्या पुढ्यातलं तेवढं दिसतं. कडेला बसलं की दहाही खेळाडू एकदम दिसतात. कोण कुठे मोकळा सुटतो, कोण दमलाय, कोणाची हाक कोणाला ऐकू जात नाही, हे सगळं. स्वयंपाकघराचंही तसंच नाही का? ओट्याशी आपण असतो तेव्हा फक्त आपली फोडणी दिसते. आजारपणात कॉटवर पडून राहिलं की कळतं, घरात कोण पाणी पिऊन भांडं कुठे ठेवतं आणि कोणाला काहीच सापडत नाही.

एक हंगाम असा गेला. ५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्सने जाहीर केलं, हॅमन आता आमची सहायक प्रशिक्षक. पुरुषांच्या एन.बी.ए. लीगमध्ये पूर्णवेळ पगारावर नेमलेली ती पहिली बाई. तोवर गुडघाही बरा झाला होता. तो हंगाम खेळून संपवला आणि मगच खेळाडूचा पोशाख उतरवला. २०१५ मध्ये स्पर्सचा संघ लास व्हेगासच्या उन्हाळी स्पर्धेत उतरला, तेव्हा मुख्य प्रशिक्षक तीच होती आणि त्या स्पर्धेचं विजेतेपद तिने आणलं. ३० डिसेंबर २०२० रोजी पॉपोविच यांना पंचांनी चालू सामन्यातून बाहेर काढलं. जाताना त्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. एन.बी.ए.च्या नियमित सामन्यात पुरुषांच्या संघाची सूत्रं हाती घेणारी ती पहिली बाई ठरली. सामना हरला, पण पायंडा पडला.

पुढे पोर्टलंडच्या संघात मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली. २०२१ मध्ये तिचं नाव अखेरच्या फेरीपर्यंत होतं, पण जागा मिळाली नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस तिने लास व्हेगास एसेस हा बायकांचा संघ हाती घेतला. गंमत बघा, हा संघ म्हणजे तिचाच सॅन अँटोनिओचा जुना संघ, २०१८ मध्ये गाव बदलून तिकडे गेलेला! पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, तिने त्याला विजेता केलं. २०२३ मध्ये पुन्हा. २०२५ मध्ये तर २ ऑगस्टला मिनेसोटाकडून एसेस तब्बल ५३ गुणांनी हरले. त्यानंतर नियमित हंगामातले उरलेले १६ च्या १६ सामने जिंकले आणि पुढे विजेतेपदही!

पण तिची आरती ओवाळायला मी बसलेले नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. देअरिका हँबी ही तिच्या संघातली खेळाडू गरोदर असताना जानेवारी २०२३ मध्ये तिला दुसऱ्या संघाकडे पाठवलं गेलं. गरोदरपणामुळे आपल्याला वाईट वागवलं, अशी तिची तक्रार. लीगने चौकशी केली आणि हॅमनला दोन सामन्यांसाठी विनावेतन निलंबित केलं. हॅमनने आरोप नाकारला. खरंखोटं करायला मी कोण? पण वाचताना वाईट वाटलं. बाई अधिकारावर बसली म्हणजे दुसऱ्या बाईचं आपोआप भलं होतं असं नाही. त्याची काळजी मुद्दाम घ्यावी लागते, आपल्या घरातसुद्धा.

आता माझ्याबद्दल. बी.ए. झाल्यावर लग्न, मग मुलं. सात वर्षं मी घरी होते. कोणी विचारलं, "सध्या काय करतेस?" की मी म्हणायची, "काही नाही, घरीच बसलेय." त्या शब्दाने किती खट्टू व्हायचे! आणि तोच शब्द मी त्या पोरीला ऐकवला.

सोमवारी तिला वर्गाबाहेर बोलावून म्हटलं, "परवा मी चुकले. तिथे बसून तुला काय दिसतं, ते सांग." सुरुवातीला लाजली. मग म्हणाली, "बाई, आपली सेंटर दर वेळी डावीकडेच वळते. समोरच्या टीमला ते कळलंय. आमच्या मुलींना नाही." आता बोला!

तिच्या आईशीही बोलले. त्यांना सगळं पटलं असं नाही, पण आठवड्यातून तीन दिवस जाऊ द्यायला तयार झाल्या.

तुमच्याही घरी दुखापतीने बसलेलं मूल असेल तर एवढं करा. गुडघ्याचं जे काही, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सांगितलेले व्यायाम रोज आणि उडी मारायची घाई नाही. मुलाच्या हाती एक दोनशे पानी वही द्या. कोण चुकलं, का चुकलं, ते त्यात लिहू दे. खेळाच्या सरांना किंवा बाईंना भेटून गुण लिहिण्याचं काम मागून घ्या. आणि रात्री जेवताना, "आज काय दिसलं?" एवढं विचारा.

वाळवणं पुढच्या आठवड्यात नक्की!