रेंज नाही? वाय-फाय आहे ना!

पिंपरी-चिंचवडच्या नव्या सोसायट्यांमध्ये काय नसतं सांगा? जिम असते, क्लबहाऊस असतं, पोडियमवर गार्डन असतं. नसते ती फक्त मोबाइलला रेंज! सिमेंट-सळईच्या भिंतींतून आत येईपर्यंत बिचाऱ्या लहरींचा दम निघतो. मोशी असो वा रावेत, संध्याकाळी चाकणहून कंपनीची बस आली की बाल्कनीबाल्कनीतून 'हॅलो... हॅलो... हां, आता बोल' असा कोरस सुरू.

आमच्याही घरी तेच. मित्रांचं एक वेळ चालतं हो. पण लातूरला आई-बाबा दोघंच असतात आणि बाबांची अँजिओप्लास्टी झालेली. आईने रात्री फोन लावायचा आणि तिला 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' ऐकू यायचं, हे टेन्शन मला नको होतं. म्हणून घरातला फोन इंटरनेटवर घेतला. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं!

फंडा एकदम सोपा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' शोधा आणि ऑन करा. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२०मध्ये. नंबर तोच, पैसे नेहमीच्या प्लॅनमधलेच. कॉल फक्त टॉवरऐवजी तुमच्या राउटरवरून कंपनीपर्यंत जातो. समोरच्याकडे काहीच लागत नाही. आईच्या साध्या बटणांच्या फोनवरूनही माझा नंबर लागतो. चालू झालंय का हे बघायचंय? एअरप्लेन मोड लावा, मग फक्त वाय-फाय सुरू करा आणि घरातल्याच दुसऱ्या नंबरला फोन करा. लागला, की गड सर!

'पण आम्ही व्हॉट्सअॅपवर बोलतोच की!' बोला ना. मात्र तिथे दोन्हीकडे अॅप हवं, दोन्हीकडे नेट हवं. आणि व्हॉट्सअॅपवरून ११२ लागत नाही, हे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवाच. मदत हवी असेल तर नेहमीच्या डायलरवरूनच फोन करायचा.

आज हे सगळं इतकं सहज वाटतं, पण १ एप्रिल २००२पर्यंत आपल्याकडे इंटरनेटवरून फोन करायला चक्क परवानगी नव्हती. ती मिळाली तीही कॉम्प्युटरवरून कॉम्प्युटरला किंवा परदेशातल्या फोनला. देशातल्या फोनला नाही. म्हणजे तेव्हा पिंपरीतून अमेरिकेतल्या दादाला नेटवरून फोन लावता यायचा, पण लातूरच्या घरी नाही! २००३मध्ये स्काइप आलं, सगळ्यांचं लाडकं झालं आणि मे २०२५मध्ये बंदही पडलं.

आता मुद्दा आवाज तुटण्याचा. '१०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तरी आवाज रोबोसारखा का?' बॉस, इथे स्पीडचा प्रश्नच नसतो. बोलण्याला सेकंदाला १०० किलोबिटही पुरतात. प्रश्न असतो तो वेळेवर पोहोचण्याचा. तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. यूट्यूब पुढचा व्हिडिओ आधीच भरून ठेवू शकतं. पण तुम्ही पुढे काय बोलणार, ते कोण भरून ठेवणार? उशिरा आलेला तुकडा वाया जातो आणि शब्द गळतो. उपाय घरगुतीच : राउटर चपलांच्या कपाटातून किंवा टीव्हीमागून काढून मोकळ्यावर, शक्यतो घराच्या मध्यावर ठेवा. मायक्रोवेव्हपासून लांब. आणि महत्त्वाचा कॉल चालू असताना घरातली मोठी डाउनलोड्स थांबवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून, तांब्याच्या तारेतूनच यायची. घरातले दिवे गेले तरी फोन जिवंत! फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. दिवे गेले की राउटर गेला आणि राउटरबरोबर तुमचा फोनही. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी, त्यामुळे महावितरणची दुरुस्तीची कामंही बहुधा गुरुवारीच. म्हणजे परीक्षेचा वार ठरलेला!

मी राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला. घेताना अॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही बॅकअप हवा. तरीही बिल्डिंगमधली केबलवाल्याची पेटी बंद पडू शकते, म्हणून घरात कुणा एकाकडे वेगळ्या कंपनीचं सिम असू द्या.

थोडक्यात काय, फोन चालू ठेवायचं जे काम पूर्वी एक्स्चेंज करायचं, ते आता आपल्या गळ्यात आलंय. कॉल फुकट झालाय, जबाबदारी नाही. येत्या गुरुवारी दिवे गेले, तर कुरकुरण्याआधी एक फोन लावून बघा. लागला तर तुम्ही पास!