हिरवे ते सारे रान नव्हे

दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होतात. महाराष्ट्र शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत मिळून ५० कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडला होता. खड्डे किती खणले याचा हिशेब चोख राहतो. रोप कोणत्या जातीचे आणि त्याने कोणाची जागा घेतली, याचा नाही. वनसर्वेक्षणाचा निकषही तसाच आहे. एक हेक्टर वा अधिक जमिनीवर झाडांचे छत्र दहा टक्के भरले की उपग्रहाच्या लेखी ते वनाच्छादन. मग ती ऐन-कुसुमाची राई असो की परदेशी झाडांची लागवड.

वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वर-कामणदुर्गाचे डोंगर आहेत. त्यांतील सुमारे ८५ चौरस किलोमीटर क्षेत्र २००३ साली अभयारण्य झाले. हे रान मुख्यतः पानगळीचे. उन्हाळ्यात पाने झडतात, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि पहिल्या सरींबरोबर मातीतले कंद जागे होतात. जूनमध्ये वसई-विरारच्या बाजारात आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या विकतात, त्या अशाच डोंगरांतल्या. शेवळाची खाज मारण्यास काकडाची फळे लागतात, तीही रानातलीच. एका भाजीमागे अशी कंद, वृक्ष व ऋतू यांची साखळी उभी असते.

ही साखळी परदेशी लागवडीखाली तुटते. सामाजिक वनीकरणाच्या काळात, १९८०च्या दशकापासून, ठाणे-कोकणच्या उतारांवर गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी यांचा प्रसार झाला. ही झाडे झपाट्याने वाढतात, गुरे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून राखणीचा खर्च वाचतो. परंतु ऑस्ट्रेलियन बाभूळ बारमाही हिरवी. तिची चिवट पाने लवकर कुजत नाहीत आणि त्या थराखाली देशी बियाणे रुजणे कठीण होते. गिरिपुष्प तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटून दाटी करते.

येथे प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा उरत नाही. लागवडीचा लाभ अहवालात जमा होतो; तोटा वारली-कातकऱ्यांच्या घरात पडतो. मोहाची फुले, कंद, रानभाज्या, औषधी मुळ्या यांची पावती फाटत नाही, म्हणून त्यांचा नाश खर्चात धरला जात नाही.

हे धोरण अजाणतेपणी आलेले नाही. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाने मिश्र जंगलांच्या जागी उद्योगांना उपयुक्त, जलद वाढणाऱ्या जातींची शिफारस केली. त्याच दशकात बस्तरमध्ये सालवृक्ष काढून पाइन लावण्याची योजना निघाली. आदिवासींच्या विरोधापुढे ती गुंडाळावी लागली. १९८८च्या राष्ट्रीय वननीतीने तर देशी वनस्पतींना अपाय होत नाही, असे दीर्घकालीन चाचण्यांनी ठरल्याखेरीज परदेशी जाती आणू नयेत, असे स्पष्ट बजावले. नियम आहे; तो विचारणारा हवा.

उजाड, मुरमाड उतारावर परदेशी झाडाच्या सावलीत काही वेळा देशी रोप तग धरते, हे खरे. तेथे सरसकट तोड नको. टप्प्याटप्प्याने विरळणी करून देशी जातींना वाट द्यावी. मात्र जिथे गवत, झुडपे, कंद आजही जिवंत आहेत, ती जमीन ‘पडीक’ ठरवून तीवर खड्डे खणणे थांबले पाहिजे.

वसई तालुक्याची काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६चा पेसा कायदा आणि २००६चा वनाधिकार कायदा यांनी ग्रामसभेला रानाच्या राखणीचा अधिकार दिला आहे. लागवडीची यादी ग्रामसभेपुढे मांडली जावी आणि तिथल्या स्त्रियांनी सांगितलेल्या जातींची रोपे रोपवाटिकेत वाढावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव नेली पाहिजे. रानाचा हिशेब, जे रानावर जगतात त्यांनीच तपासावा.