संपादक विद्यार्थीच असावेत

कायद्याच्या विद्यार्थ्यांनी संशोधनाचे नियतकालिक स्वतः चालवावे असे म्हटले, की जाणती माणसे विचारतात : ज्यांच्या हाती अजून सनद नाही, त्यांनी प्राध्यापकांचा लेख घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवावे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. अमेरिकेतले न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांनी 1995 मध्ये तो जोरकसपणे मांडला. कायद्याच्या लेखनात आता अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिरले आहे, त्याची पारख विशी-पंचविशीतल्या संपादकांना होत नाही, असे त्यांचे म्हणणे. यातला खरा भाग मी मान्य करतो. अशा लेखावर बाहेरच्या जाणकाराचे मत घ्यावेच. पण मत घेणे वेगळे आणि संपादकाची खुर्ची काढून घेणे वेगळे.

संपादन म्हणजे ज्ञानाचे प्रदर्शन, हा मूळ गैरसमज आहे. लेखकाने तळटीपेत दिलेला निकाल खरोखर तेच सांगतो का? तो पुढे मोठ्या पीठाने फिरवला तर नाही? उद्धृत केलेले वाक्य बहुमताचे की भिन्नमताचे? हे पाहायला मूळ निकालपत्र पहिल्या परिच्छेदापासून वाचावे लागते. बड्या नावाचा दबाव नको असेल, तर लेखकाचे नाव झाकून लेख वाचायला द्यावा. एवढे कष्ट निष्ठेने करणारा विद्यार्थी या कामाला अपात्र कसा, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 1887 मध्ये आपले नियतकालिक सुरू केले. तीनच वर्षांनी, 1890 मध्ये, त्यात वॉरन आणि ब्रँडाइस यांचा खासगीपणाच्या हक्कावरचा लेख आला. 2017 च्या पुट्टस्वामी निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या लेखाची दखल घेतली. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या नियतकालिकातले लेखन सव्वाशे वर्षांनी दिल्लीत उपयोगी पडले.

‘ते हार्वर्ड, आपण इंदापूर तालुका’ हा दुसरा आक्षेप मला अधिक सलतो, कारण त्यात आपल्याच मुलांविषयी अविश्वास आहे. इथून बारामतीचे वसंतराव पवार विधी महाविद्यालय हाताशी आहे, आणि अभ्यासाचा विषय तर पायाखाली आहे. शेतकऱ्यांनी साखर कंपन्यांना खंडाने दिलेल्या जमिनी 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याखाली सरकारकडे गेल्या. सलग ऊसमळ्यांचे तुकडे पडून कारखान्यांचा ऊसपुरवठा तुटू नये म्हणून कलम 28 मध्ये खास तरतूद झाली, त्यातून शेती महामंडळ उभे राहिले. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे त्याचेच मळे. जमीन खंडाने देणाऱ्या या खंडकऱ्यांच्या किती पिढ्या ती परत मिळावी म्हणून झगडल्या! हा इतिहास सातबाऱ्यात, फेरफारात, जुन्या खंडपत्रांत आणि निकालपत्रांत विखुरलेला आहे. एका आजोबांची कागदांची पिशवी उघडून तिच्यावर शिस्तीने लिहिणारे कोणी तरी हवे, आणि हे काम घरच्या मुलीइतके दूरवरच्या विद्यापीठातला तज्ज्ञ करू शकणार नाही.

भाषेचा अडसरही सांगितला जातो. राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे. वादपत्र मराठीत, उलटतपास मराठीत, मग त्यावरची मीमांसा इंग्रजीतच का अडावी? मराठी अंक काढला तर तालुक्याच्या कोर्टातले वकीलही तो वाचतील, चुका दाखवतील, आणि पुढच्या अंकात ती दुरुस्ती छापता येईल.

प्राध्यापकांनी सल्लागार असावे, मागितल्यावर मत द्यावे, पण लेख नाकारण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नये. पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला आहे, म्हणून एक नियम पहिल्या दिवशीच करावा : लेखकाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही.

पहिल्या अंकाला वालचंदनगर मळ्यावरचा एकच लेख पुरे. तो तपासायला तिसऱ्या वर्षाची चार मुले बसवा, आणि अंकावर संपादक म्हणून त्यांचीच नावे छापा.